तिन्हीसांजेचा नेम

पिनांग, १४ सप्टेंबर १९९८

आशी,

हे पत्र आईला वाचून दाखवताना काय गाळायचं ते तू ठरव. तिला माझं अक्षर लागत नाही आणि तुला लागतं, त्यामुळे माझी अब्रू तुझ्या हातात आहे. कोरमंगल्याच्या सायबर कॅफेत जाऊन ईमेल बघशील म्हणालीस तर मराठी तिथे कोण टाइप करणार? त्यापेक्षा हेच बरं.

पोचलो. मी, आणि आमच्या पळायच्या कंपूतले नंदू आणि भव्या. नंदूची पिशवी इतकी मोठी आहे की मागून बघितलं तर पिशवीच चालतीये असं वाटतं. मद्रासहून विमान, मग बस, मग बोट. पिनांगच्या गल्ल्या थेट आपल्या बंगळूरच्या शिवाजीनगरसारख्या: खाली दुकान, वर घर, मधल्या वाटेत कुणीतरी काहीतरी तळतंय. पहिल्या दिवशी एका तमिळ आजींनी इडली वाढली आणि भव्या रडली. दोन दिवसांत! बंगळूर सोडून दोन दिवस.

मामांना, तुझ्या बाबांना, अजून वाटतं मी मोठ्या स्पर्धेला आलोय. परत एकदा सांगतो, त्यांनाही सांग. ही शर्यत नाही. एक जण ‘ससा’ होतो, पुढे जाऊन पिठाच्या चिमटीने वाटेवर खुणा टाकतो. बाकीचे मागून खुणा शोधत पळतात. मध्येच पिठाचं गोल वर्तुळ येतं, तिथे वाट तुटते. मग पुढचे हुशार लोक चारी दिशांना धावतात, खोट्या वाटेवर जाऊन आपटतात, परत येतात. तेवढ्यात मागचे हळू लोक येऊन पोचतात. खरी वाट ज्याला सापडते तो ओरडतो, “ऑन ऑन!” कुणी जिंकत नाही. शेवटी सगळे गोल उभे राहून गाणी म्हणतात आणि (हे गाळ) बियर पितात. जगभर असे कंपू आहेत, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते सगळे क्वालालंपूरला जमणार आहेत. बस. ऑलिम्पिक नाही.

कंपूत कुणाचंच खरं नाव चालत नाही. माझं नाव ‘बत्ती’. खिशात नेहमी बॅटरी असते म्हणून. सकाळीसुद्धा.

काल इथल्या लोकांबरोबर किनाऱ्यावर पळालो. सूर्य बुडत होता. भव्या पुढे, तिचा पांढरा टी-शर्ट, मी त्याच्या मागे. असं वाटलं हे संपूच नये.

आता घरी दिवे लागले असतील. मामा उंबऱ्याच्या आत पाटावर बसले असतील. भीमाचार्य आजोबांचा नेम, तिन्हीसांजेला घरातल्या पुरुषाने उंबरा ओलांडायचा नाही, त्या वेळी तिथे नरसिंह असतो. आणि मी नतद्रष्ट नातू, बरोबर त्याच वेळी समुद्रावर चड्डी घालून पळतोय.

तुळशीच्या लग्नानंतरच्या त्या गोष्टीबद्दल आल्यावर बोलू.

कार्तिक

---

बंगळूर, २५ सप्टेंबर १९९८

कार्तिक,

‘त्या गोष्टीबद्दल’! साखरपुडा म्हणतात त्याला. लिहिताना शाई संपत होती का?

पत्र वाचलं. तुझी आई, माझी अत्ते, मांडीवर वांगी घेऊन बसली होती, मी मोठ्याने वाचत होते. बियर गाळली. चड्डी गाळली. पांढरा टी-शर्टही गाळला, पण तो स्वतःसाठी गाळला. माझी आई वसुमतीबाई, तुला माहितीये ती काय करते, मागे उभी राहून खांद्यावरून सगळं वाचत होती. धारवाडची बाई. तुम्हा लोकांच्या नेमांवर तिचा विश्वास कमी आणि स्वतःच्या डोळ्यांवर जास्त. नुसती “ह्म्म” म्हणाली. त्या ‘ह्म्म’चं मी काय करू?

भव्या चांगली आहे. मला आवडते. पण मी तुला सरळ विचारते, फिरवून विचारणं मला जमत नाही. लहानपणापासून सगळे “आशी कार्तिकची” म्हणत आले. तुझे अप्पा अत्तेचे आतेभाऊच होते, आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न म्हणजे शेजारच्या खोलीत जाण्यासारखं. मला कुणी विचारलं नाही. मलाही वाटलं नाही विचारावं. कारण मला तू हवा होतास. आता लिहून टाकलं. (हे मी कुणाला वाचून दाखवणार नाही.) पण जूनपासून तू बदललायस. घरी आलास की संध्याकाळच्या आत पळतोस. मी गच्चीवर ये म्हटलं की काहीतरी काम निघतं. माझ्याकडे बघताना सुद्धा मान वळवून वळवून बघतोस, जणू चोरी करतोयस. दुसरं कुणी असेल तर सांग. मी भांडेन, मग गप्प बसेन.

अत्तेने तुझ्यासाठी नरसिंहाला तुपाचा दिवा लावलाय. म्हणाली, “वादिराज अण्णा गेला तो नेम मोडूनच.” बाबांच्या थोरल्या भावाची, काकांची, गोष्ट परत सांगितली. के. आर. पुरमला रेल्वेच्या कचेरीत होते, काम संपलं की उजेड असेपर्यंत घरी यायचे. एकदा उशीर झाला, तिन्हीसांजेला रूळ ओलांडले, इंजिन आलं. सगळ्यांना ते दिसत होतं, यांनाच नाही. “देवाने डोळ्यांवर हात ठेवला,” म्हणाली. बाबा ऐकत होते, पाटावर बसून. मान हलवली. दर वेळी हलवतात.

तू नसताना मी एक करणार आहे. तुझ्या कंपूबरोबर पळायला जाणार. एकदा बघू दे तरी, लग्नाआधी सवत कशी आहे ती.

आश्लेषा

---

क्वालालंपूर, ६ ऑक्टोबर १९९८

आशी,

आधी आईसाठी: मी ठीक आहे. नंदूच्या मावशीकडे आहे, ब्रिकफील्ड्सला. तिच्या फोडणीचा वास अगदी आपल्यासारखा. आता तुझ्यासाठी: घोटा मोडलाय. प्लॅस्टर आहे. गाळ.

संमेलन झालं. काय सांगू तुला! शहरात मोर्चे निघतायत, रस्त्यांवर पोलिस आहेत, आणि शहराबाहेर आम्ही, कुठकुठली हजारो माणसं, रंगीत चड्ड्या, एक फिनलंडचा आजोबा घागरा घालून. त्याने मला विचारलं, “बंगळूर कुठे आहे?” नंदू म्हणाला, “मद्रासच्या वर.” तो म्हणाला, “हवेत?” दिवसभर आम्ही त्याला हवेतून हात करत होतो.

पहिल्या दिवशी सगळं मस्त. दुसऱ्या दिवशी धाव रबराच्या मळ्यात होती, उशिरा सुरू झाली. इथे खुणा पिठाच्या नसतात, कागदाचे तुकडे टाकतात. झाडं रांगेत, वरून पानांचं छप्पर, खाली सगळं हिरवंकाळं. एका वर्तुळापाशी वाट तुटली. भव्या डावीकडे गेली. मी तिच्यामागे जायला हवं होतं. पण मला वाटलं, एकदा तरी आपण शोधावी वाट. सरळ गेलो. पावसाचं पाणी वाहून न्यायला इथे मोठे सिमेंटचे नाले असतात, त्यात पडलो. आधी स्वल्प बियर झाली होती, बाकी काही नाही. बाकीच्यांना ते कागद कसे दिसत होते कोण जाणे.

नाल्यात बसून ऐकत होतो. वरून सगळे “ऑन ऑन” ओरडत लांब गेले. पाच-सहा भाषांमधला तोच ओरडा. मग शांत. मग नंदू परत आला, “मगा, कुठे आहेस रे मित्रा, मगा” करत. तो रडत होता. मला फार राग आला त्याचा.

तू विचारलंस ते वाचलं. दुसरं कुणी आहे का. आशी, साखरपुडा पुढे ढकलायला सांग. पायाचं कारण आहेच. मावशीच्या नवऱ्याच्या ओळखीने इथे एका छापखान्यात काम मिळेल असं दिसतंय. सध्या मी इथेच बरा.

कार्तिक

---

बंगळूर, १६ ऑक्टोबर १९९८

कार्तिक,

अत्तेला पाय मुरगळलाय एवढंच सांगितलं. ती लगेच म्हणाली, “किती वाजता पडला?” मी म्हटलं, सकाळी. मी आता तुझ्याइतकीच खोटारडी झालेय.

तुझं पत्र यायच्या आधीच्या रविवारी मी पळायला गेले होते. के. आर. पुरमच्या पुढे, तळ्याच्या कडेने. पळाले कसली, चालले. कृष्णमूर्ती म्हणून तुमचे ते म्हातारे, बँकेतून रिटायर झालेले, ज्यांना सगळे ‘पुळियोगरे’, चिंचेचा भात, म्हणतात, ते ससा होते. शेवटी ते परत येऊन माझ्याबरोबर चालायला लागले. “सर्वांत मागे जो असतो त्याच्याबरोबर एकाने चालायचं, असा आमचा कायदा आहे,” म्हणाले. ऊन उतरायला लागलं. त्यांच्या पिशवीत खूप पीठ उरलं होतं. मी विचारलं, इतकं कशाला आणलं? म्हणाले, “अय्यो, सवय! बत्ती असतो ना दर वेळी. शेवटच्या भागात अंधारायला लागतं, म्हणून तिथे आम्ही दुप्पट पीठ टाकतो. त्याला तेवढंच दिसतं.”

मी थांबले.

ते म्हणाले, “तुला माहीत नव्हतं?” आणि मग इतके वाईट तोंड करून उभे राहिले की मलाच म्हणावं लागलं, सरी, सरी, असू दे, माहीत होतं. मग ते सांगत राहिले. भव्या पांढरा टी-शर्ट का घालते. नंदू तुझ्या डाव्या हाताला का पळतो. “आम्ही त्याला कधी बोललो नाही. त्याला वाटतं आम्हाला कळत नाही. वाटू दे.”

कार्तिक, त्यांनी तुला बत्ती नाव बॅटरीसाठी दिलं असेल. पण पीठ ते तीन वर्षं दुप्पट टाकतायत.

घरी आले तेव्हा दिवे लागलेले. बाबा पाटावर. मी चपला काढताना त्यांच्याकडे बघत राहिले. ते पेपर वाचत होते! त्या मिणमिणत्या उजेडात, बारीक अक्षरं, चष्म्याशिवाय. आणि मला एकदम काहीतरी झालं. स्वयंपाकघरात जाऊन अत्तेला विचारलं, आजोबा संध्याकाळी काय करायचे? म्हणाली, “अप्पा? पाटावर बसून पाठ म्हणायचे. पोथी नाही. तोंडपाठ.” पोथी का नाही? “तसाच नेम होता.” पाणी लागलं तर? “तांब्या आम्ही हातात द्यायचो. शेजारी ठेवलेला सापडायचा नाही त्यांना. ध्यानात असायचे ना.”

आणि वादिराज काका. सगळ्यांना दिसलेलं इंजिन.

मला जे वाटतंय ते मी इथे लिहीत नाही. तू लिही. प्यायला होतास म्हणून पडलास असं परत लिहिलंस तर मी पत्र फाडीन. आणि जूनमध्ये तू कुठे गेला होतास ते पण लिही.

आ.

---

क्वालालंपूर, २७ ऑक्टोबर १९९८

आशी,

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो.

कॉलेजपासून आहे. सिनेमात उशिरा गेलो की लोकांच्या मांडीवर बसायचो, सगळे हसायचे, मीही हसायचो. मग कडा जायला लागल्या. आता मी नळीतून बघावं तसं बघतो. म्हणून मान वळवून बघत होतो तुझ्याकडे. चोरी नव्हती. तुझा एक कान बघितला की दुसरा जायचा, म्हणून.

डॉक्टरांनी डोळ्यात औषध घातलं, खूप वेळ आत बघितलं, आणि मग विचारलं, “घरात आपसात लग्नं होतात?” मी म्हटलं, हो, पिढ्यान् पिढ्या. “आणखी कुणाला हा त्रास?” मी म्हटलं, नाही. खरंच तसं वाटत होतं मला. आजोबांचा नेम होता, वादिराज मामांनी तो मोडला, एवढंच आपल्याला माहीत. तुझं पत्र वाचेपर्यंत मला हे सुचलंही नव्हतं, आशी. बावीस-तेवीस वर्षं मी त्या उंबऱ्यावरून उड्या मारल्या.

औषध नाही. हळूहळू मधलंही जाईल. कधी ते सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, “लग्न जरूर करा, पण घरात नको. तुमच्यात जे उघड आहे ते तिच्यात लपलेलं असू शकतं.” घरी आलो तर तू फोन केलेलास, शालू बघायला जायचंय म्हणून.

म्हणून इथे आलो. संमेलन हवंच होतं. उजेड आहे तोवर एकदा जग बघायचं होतं, ते खरं. पण परत यायचं नाही असं पिशवी भरतानाच ठरवलं होतं, तेही खरं.

पिठाचं वाचलं. मला वाटायचं मी चांगला पळतो. भव्याला विचारलं तर म्हणाली, “पळतोसच चांगला, मूर्खा. पीठ काय पळतं तुझ्यासाठी?”

आता माझं एक काम कर. घरी सांग की माझं भव्याशी जमलंय. भव्याला मी विचारलं नाहीये, पण ती करेल माझ्यासाठी एवढं. सगळे मला शिव्या देतील, तू रडशील, सहा महिन्यांत संपेल. खरं सांगितलंस तर आई आयुष्यभर नेमाला धरून स्वतःला छळेल. आणि मामा. मामांना काय वाटेल त्यांच्या वडिलांच्या नेमाबद्दल. राहू दे त्यांचा देव उंबऱ्यावर.

एवढं कर.

कार्तिक

---

बंगळूर, ८ नोव्हेंबर १९९८

कार्तिक,

केलं नाही.

मी आधी डॉक्टरकडे गेले, एकटी. माझे डोळे चांगले आहेत. पण माझ्यात ते लपलंय का, हे कुणाला सांगता येत नाही. असेल किंवा नसेल, दोन्ही सारखंच शक्य, म्हणाले.

मग मी तुझं पत्र घेऊन घरी आले, अत्तेला बोलावलं, आईला बसवलं. बाबा पाटावर होतेच. आणि मी वाचलं. पहिल्यांदाच काहीही न गाळता. शालूसुद्धा. “राहू दे त्यांचा देव उंबऱ्यावर” सुद्धा.

अत्ते मध्येच उठली. “देवाचं नाव घेऊन काहीही बोलू नको,” म्हणाली, माझ्यावर हात उगारला. आई म्हणाली, “राजलक्ष्मी, बसा. पोराचं पत्र आहे, पुरतं ऐका.” ती बसली. पत्र संपलं. मग अत्तेच म्हणाली, अगदी हळू, “अप्पा देव्हाऱ्याकडे जाताना भिंतीला हात लावत जायचे. आम्हाला वाटायचं, नमस्कार करतायत. आम्ही पण तसंच करायचो. कार्तिकला पण मीच शिकवलं, भिंतीला हात लावून जा.” आणि मग जी रडली ती, कार्तिक, मी तुला ते लिहू शकत नाही.

मला वाटलं, बाबा देवळाचा विषय काढतील, प्रायश्चित्त म्हणतील. ते उठले, पाट भिंतीला लावला, आणि उंबरा ओलांडला.

मी मागे गेले. फाटक उघडून ते गल्लीत आले. आकाशात स्वल्प लाली होती अजून. ते चालत होते आणि जे दिसेल ते म्हणत होते. “पानवाल्याची पाटी. अक्षर न् अक्षर दिसतंय.” “बस येतीये, बघ, नंबर दिसतोय.” “ती मांजर भिंतीवर.” कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथे थांबले. म्हणाले, “आशी, माझे डोळे चांगले आहेत गं. इतकी वर्षं मी चांगले डोळे घेऊन आत बसलो.”

मी म्हटलं, बाबा, चला घरी.

ते म्हणाले, “वादिराज अण्णाला दिसत नव्हतं. तो त्या दिवशी रुळापाशी थांबला असणार. कुणाला तरी विचारायला हवं होतं त्याने, हात धरा म्हणून. पण विचारणार कसा? घरचा नेम असा की विचारायची वेळच यायची नाही. आणि मी तेराव्याला, लोकांसमोर, म्हणालो, नेम मोडला म्हणून गेला.” परत आल्यावर ते आत येईनात. पायरीवर बसून राहिले, बाहेरच्या बाजूला. आईने कॉफी तिथेच नेऊन दिली.

आता आपलं.

मी तुझ्याशी लग्न करणार नाही. रडून झालंय माझं. तुझे डोळे मला चालले असते, हे तुला माहीत असू दे. तू मला एक कान सोडून बघितलंस तरी चाललं असतं. मुलं न होऊ देता लग्न करू, हेही मनात आलं, आणि दोन दिवस मी त्यातच खूश होते. पण मला मुलं हवीयत, कार्तिक. ते आज दाबलं तर दहा वर्षांनी तुझ्यावर काढीन. आणि आपल्या घरात भिंतीला हात लावून चालणारं आणखी एक मूल मी जाणूनबुजून आणणार नाही. मी हे अत्तेला सांगितलं. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

शालू परत केला नाही. ठेवलाय. कशाला ते माहीत नाही.

पण तू तिथे राहायचं नाहीस. छापखाना! डोळे जाणारा माणूस छापखान्यात! तू ये. पाय बरा झाला की ये. कृष्णमूर्तींना मी सांगितलं, तुला सगळं कळलंय. ते म्हणाले, “बरं झालं, आता मोकळेपणाने टाकू, चोरून पीठ टाकताना कंबर जात होती.” शिवाजीनगरला मी पांढरा टी-शर्ट घेतलाय. मला पळता येत नाही, पण चालता येतं, आणि सगळ्यांत मागे जो असतो त्याच्याबरोबर एकाने चालायचं असतं, असा तुमचा कायदा आहे. भव्याला सांग, तिची नोकरी गेली.

आशी

---

क्वालालंपूर, १९ नोव्हेंबर १९९८

आशी,

हे पोस्टकार्ड आहे, त्यामुळे पोस्टमनपासून सगळे वाचणार. वाचू देत.

प्लॅस्टर निघालं. सहा डिसेंबरला मद्रासला उतरतो. नंदू आणि भव्या सकाळच्या गाडीने पुढे येतील. मी दुपारची गाडी घेतलीये, मुद्दाम, एकटा. ती के. आर. पुरमला दिवेलागणीला पोचते. तिथेच उतरीन.

मामांना घेऊन ये. त्यांना सांग, मी डब्याच्या दारात उभा असेन आणि उतरायच्या आधी मोठ्याने विचारीन, फलाट कुठे आहे. त्यांनी तेवढा हात धरावा.

कार्तिक